निमोण्याच्या माळावरची चार सेकंदं

जीपची शर्यत, आणि त्यात मधेच थांबून चाक बदलायचं. हा नियम ज्याच्या सुपीक डोक्यातून निघाला त्याच्यावर मी आजही चिडून आहे. तो माणूस आता हयात नाही. चांगला माणूस होता, त्याच्या मातीलाही मी गेलो होतो. तरी चिडून आहे.

आमचं शिरूरला टायर-पंक्चरचं दुकान. अब्बांनी टाकलेलं, मी शाळा सुटल्यावर त्यातच शिरलो तो शिरलोच. घरात आम्ही हिंदी-मराठीची भेळ बोलतो, दुकानात शुद्ध गावरान. तेव्हा रांजणगावला नुकत्याच कंपन्या यायला लागल्या होत्या आणि शिरूर-दौंड रस्त्यावर जीपचं राज्य होतं. एसटी होती, नाही असं नाही, पण एसटीची वाट बघणारा माणूस जीपवाल्याला वेडाच वाटायचा. नऊ माणसांची जीप, त्यात सोळा-सतरा बसवायची, दोघं मागं लोंबकळत, आणि पत्र्यावर थापा मारल्या की गाडी हलायची. दौंडची रेल्वे गाठायची असली की लोक ड्रायव्हरला मामा-आप्पा करत, गाडी चुकली की त्याच मामा-आप्पाचा उद्धार करत.

या जीपवाल्यांची एक संघटना होती. संघटना म्हणजे काय, स्टँडवर कुणाची गाडी आधी लागणार यावरून भांडायला जागा. पण वर्षातून एकदा हे सगळे एक व्हायचे आणि निमोण्याच्या माळावर शर्यत लावायचे. तिला म्हणायचे मानाची शर्यत. आजूबाजूच्या गावांच्या जत्रांत जीपच्या छोट्या शर्यती व्हायच्या. त्यातली एखादी त्या वर्षात जिंकलेली असली तर मानाच्या शर्यतीत सरळ प्रवेश. इथवर माझं काही म्हणणं नाही. जिंकलाय, येऊ दे.

बाकीच्यांसाठी मात्र होती चाळणी. हे नावही त्यांचंच. सकाळी एकेकानं एकट्यानं पळायचं, समोर दुसरी गाडी नाही, फक्त घड्याळ. माळाला तीन फेऱ्या. दुसरी फेरी संपली की फक्कीनं आखलेल्या चौकोनात जीप थांबवायची, मागचं डावं चाक काढायचं, तिथं ठेवलेलं दुसरं बसवायचं, आणि मग तिसरी फेरी. सगळ्याचा मिळून एकच वेळ. सगळ्यांत कमी वेळवाले दोघं आत, बाकीचे प्रेक्षकांत. ड्रायव्हरनं सीट सोडायची नाही. चाक बदलायला एक मदतनीस, एकच.

"प्याशिंजर भरलेली जीप पंक्चर झाली तर काय करणार? चाक तर बदलायलाच पायजे!" हे त्या नियमवाल्या अध्यक्षांचं म्हणणं. मी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, "अध्यक्ष, तुम्ही ड्रायव्हर शोधताय का फिटर? का आणखी डिझेल भरायची पण शर्यत लावता?" लोक हसले. नियम तसाच राहिला. ड्रायव्हरचा आणि मदतनिसाचा वेळ एकत्र मोजला की कुणी किती खाल्ला ते कळत नाही, एवढी साधी गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात कधी शिरली नाही. आणि खरं सांगायचं तर मीही तेव्हा निव्वळ थट्टा करत होतो. तो नियम मलाच एवढा महाग पडणार आहे हे कुणाला ठाऊक?

चाळणीत पडूनही एक जागा उरायची. चाळणी संपली की अध्यक्ष भोंग्यावरून पडलेल्यांची नावं पुकारायचे आणि पब्लिकनं हात वर करायचे. ज्याला जास्त हात तो आत. लोकांच्या आवडीचा म्हणून.

आता मामांविषयी. माझे सख्खे मामा नव्हेत, सगळ्या लाईनचे मामा. पन्नाशीचे, मूळचे मेंढपाळ घरातले. त्यांचे वडील मेंढरं घेऊन पावसाळा सोडून सगळं वर्ष रानोमाळ हिंडलेले. मामांनी पहिल्यांदा घर बांधलं, थोडी शेती केली आणि मग दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर झाले. वीस वर्षं शिरूर-दौंड. कॉलेजच्या पोरी त्यांचीच जीप शोधायच्या, बाळंतपणाच्या बाईला दौंडला न्यायचं तर माणसं त्यांच्याच दारात जायची. मला ते भाई म्हणायचे. मी पंचविशीचा, पण पहिल्यापासून भाईच. हवा भरायला त्यांची गाडी दुसऱ्या दुकानात कधी गेली नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात निमोण्याच्या अलीकडं एक कळप रस्ता ओलांडत होता आणि मामांचा ब्रेक उशिरा लागला. थोडासाच. बंपर एका मेंढीला घासला. मेंढी लंगडत उठली, माणसांना ओरखडाही नाही, मेंढीवाला ओळखीचा, तो म्हणाला, जाऊ द्या मामा, व्हतंय. दुसरा कुणी असता तर दौंड येईपर्यंत विसरला असता. मामा विसरले नाहीत. माझ्या दुकानाच्या बाकड्यावर बसून तेच तेच सांगायचे.

"भाई, ती मला दिसली व्हती. लांबून दिसली व्हती. पाय उशिरा गेला."

"मामा, उन्हाची तिरीप असंल."

"ऊन माझ्या पाठीला व्हतं. माझ्या हातनं मेंढरू! माझा बाप असता तर गाडीतनं खाली वढून हाणला असता मला."

आणि नेमका त्याच वेळी रांजणगावचा बसवाला आला. कंपन्यांना कामगारांच्या बस पुरवणारा एक ठेकेदार होता, त्याला सभ्य, न पिणारा ड्रायव्हर हवा होता. महिन्याचा पगार, आठवड्याची सुट्टी, खाकी कपडे, पन्नास सिटांची नवी कोरी बस. मामांच्या मालकाला जीप विकायचीच होती, म्हणजे दिवाळीनंतर मामा तसेही रिकामेच होणार. मी म्हटलं, आता काय बघताय, उडी मारा! मामांनी चहा घेतला, बशी पुसल्यासारखी स्वच्छ केली आणि म्हणाले, "पन्नास माणसं, भाई. आन् पाय जर उशिरा गेला तर?"

शेवटी त्यांनीच तोड काढली, आणि ती ऐकून माझं डोकंच फिरलं. ते चाळणीत उतरणार होते. आयुष्यात कधी शर्यतीच्या वाटेला न गेलेला माणूस! पहिल्या दोघांत आलो तर माझे हातपाय अजून जाग्यावर हायत, सोमवारी जाऊन बसवाल्याला हो म्हणायचं. नाही आलो तर स्टेअरिंगला पुन्हा हात लावायचा नाही. कुठल्याच.

"मामा, ही काय परीक्षा झाली का? माळावर भुंगाट गाडी पळवणं येगळं आन् बस चालवणं येगळं."

"मग दुसरी कुठली परीक्षा हाय ते सांग. डॉक्टर म्हणतो डोळं चांगलं. मालक म्हणतो काय न्हाय झालं. प्याशिंजर म्हणतंय मामा तुमच्यासारखं कुणी न्हाई. सगळी गोड बोलत्यात. घड्याळ गोड बोलत न्हाई."

मी म्हणालो, चाक माझ्यावर सोडा. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण तेव्हा छाती फुगवून म्हणालो, चाक माझ्यावर सोडा.

आठवडाभर दुपारी दुकान रिकामं असलं की आम्ही तालीम केली. मामा सीटवर, मी खाली. जॅक लावायचा, चार तोंडांच्या पान्यानं पाच नट सैल करायचे, गाडी उचलायची, चाक काढायचं, दुसरं चढवायचं, नट, जॅक खाली, नट पुन्हा आवळायचे आणि पत्र्यावर दोन थापा. थापा पडल्या की मामांनी निघायचं. त्यांना मागं वळून बघायची गरजच नव्हती. वीस वर्षं ते थापांवरच निघत आले होते. अब्बा खुर्चीवर बसून मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि म्हणायचे, "अच्छा है, और थोडा जल्दी." रोज थोडा वेळ कमी होत गेला. आजूबाजूचे दुकानदार बघायला जमायचे. मला ते फार आवडत होतं, खोटं कशाला बोलू?

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या धंद्यात चाकात हवा भरली की बोटाला थुंकी लावून ते बोट वालवर टेकवायचं. वाल म्हणजे जिथनं हवा भरतात ती नळी. हवा गळत असली तर थुंकीला बुडबुडा येतो. नाही आला तर टोपण लावायचं आणि गाडी सोडायची. अब्बांनी मला पान्याआधी हे शिकवलं. लहानपणी एखादं चाक बसवून मी उठलो की ते दुकानाच्या आतून ओरडायचे, "थूक लगाया क्या?" लावली नसेल तर गिऱ्हाईकाला हाका मारून रस्त्यातनं परत बोलवायचे. त्यामुळं हात आपोआप जातो. जेवल्यावर हात धुवायला जसा माणूस उठतो तसा.

रविवारी माळावर ही गर्दी. निमोण्याचं सगळं गाव, शिरूरचे जीपवाले, दौंडहून रेल्वे कॉलनीतली चार-पाच टाळकी, भेळवाले, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, आणि भोंग्यावर अध्यक्ष. घड्याळ हायस्कूलच्या पीटीच्या सरांकडं. त्यांच्या गळ्यात ते शिट्टीबरोबर अडकवलेलं असायचं. चाळणीला सात जीपा होत्या. आमचा नंबर शेवटून दुसरा. आमच्याआधीच्या पोरांनी चाक बदलताना जो काही गोंधळ घातला तो बघून मी मनात हसत होतो. एकाचा जॅक घसरला. एकाचा नट फुफाट्यात हरवला आणि तो गुडघ्यांवर बसून शोधत राहिला, आणि ड्रायव्हर सीटवरून त्याच्या सात पिढ्या काढत होता. मी मामांना म्हटलं, "आपण चाकातच जिंकतोय, तुम्ही नुसती गाडी हाका."

मामांनी पांढरा सदरा घातला होता, टोपी काढून शेजारच्या सीटवर ठेवली. शिट्टी झाली आणि मी आजवर कधी पाहिली नव्हती तशी ती जीप सुटली. मला वाटायचं मामा म्हणजे खड्डा दिसला की गिअर कमी करणारा माणूस. पण त्या दोन फेऱ्यांत त्यांनी गाडी कुठं कापली, कुठं सोडली, काय सांगू! पलीकडच्या टोकाला एका बाभळीपाशी अवघड वळण होतं, तिथं सगळ्यांच्या गाड्या बाहेर फेकल्या जात होत्या. मामांची गाडी जणू काठीनं आखलेल्या रेघेवरून गेली. कडेचे जीपवाले पुढं सरकून बघायला लागले. एकजण म्हणाला, "आयला, ह्यो म्हातारा कवापासून लपवून बसला व्हता?"

दुसरी फेरी संपली, गाडी बरोबर चौकोनात येऊन थांबली, आणि मी भिडलो. जॅक, पाना, नट. माझे हात त्या दिवशी मलाच ओळखू येत नव्हते. कडेला लोक ओरडत होते, भाई, भाई! चाक निघालं, दुसरं चढलं, नट बसले, जॅक खाली आला, आवळून झालं. आता फक्त उठायचं आणि पत्र्यावर दोन थापा.

आणि मी उठलो नाही. मी वालचं टोपण काढलं, बोट तोंडात घातलं, वालवर टेकवलं आणि बुडबुडा येतो का ते बघत राहिलो. नीट, शांतपणे, दुकानात बघतो तसा. नाही आला. टोपण उचललं, फिरवून घट्ट लावलं. मग थापा मारल्या. गाडी सुटली, धुरळा माझ्या तोंडावर आला, आणि तेव्हा माझं लक्ष माझ्या ओल्या बोटाकडं गेलं.

ते चाक मी आदल्या दिवशी स्वतः भरलं होतं, स्वतः तपासलं होतं. एका फेरीपुरतं ते धावायचं होतं. अर्धी हवा असती तरी धावलं असतं! तालमीतही मी रोज हेच करत होतो, हे मला तिथं, त्या फुफाट्यात बसल्या बसल्या कळलं. आठवडाभर रोज थुंकी लावत होतो, आणि समोर घड्याळ घेऊन बसलेल्या अब्बांनाही ते दिसलं नाही. त्यांना दिसणार तरी कसं? त्यांच्या लेखी थुंकी हा चाकाचाच भाग. ती लागल्याशिवाय चाक बसलं असं आमच्या घरात कुणी म्हणतच नाही. तीन सेकंदं गेली असतील, फार तर चार. मी मनात पुन्हा पुन्हा मोजून पाहिलंय, चारच्या वर होत नाहीत.

लोकांनी मला उचलून घेतलं. खरंच. दोघातिघांनी खांद्यावर थापा मारल्या, "काय चाक बदललं राव!" सातांत माझंच चाक सगळ्यांत लवकर झालं होतं, डोळ्यांना तसंच दिसत होतं. मी वाकून काय करतोय ते कुणी बघितलं नाही, आणि ज्यानं बघितलं असेल त्याला मी नटच आवळतोय असं वाटलं असणार. समोर मामांची तिसरी फेरी चालली होती. पहिल्या दोन्हींपेक्षा ती सुंदर झाली. मी ते ओलं बोट सदऱ्याला पुसत बघत होतो.

शेवटची जीप पळाली, अध्यक्षांनी सरांच्या हातातला कागद घेतला आणि भोंग्यावर वाचला. मामा तिसरे. दुसऱ्याच्या आणि त्यांच्या मधे दोन सेकंदंसुद्धा नव्हती.

मामा जीपच्या बॉनेटला टेकून उभे होते. मी जवळ गेलो तर माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, "बाभळीच्या वळणाला, भाई. तिसऱ्या येळंला पाय कचरला माझा. मला तवाच कळलं व्हतं."

"न्हाई मामा! मी बघत व्हतो, कुठं कचरला?"

"तुला भाईरनं काय दिसणार? आत मला कळतंय ना. तू तर कमाल केलीस, माझ्याच्यानं झालं न्हाई."

हीच वेळ होती. इथंच बोलायला हवं होतं. एक वाक्य, बस. मामा, मी वालला थुंकी लावत बसलो होतो. पण भोवती दहा-बारा जण उभे होते, त्यात दुसऱ्या दोन दुकानांचे टायरवाले, ते माझं चाक बघून गार पडलेले. अब्बाही आले होते, कधी नव्हे ते सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून उभे. मी म्हटलं, थोड्या वेळानं सांगू, बाजूला घेऊन सांगू. भित्र्या माणसाला असा थोडा वेळ नेहमीच सापडतो. थू माझ्या जिंदगानीवर!

मग हात वर करायची वेळ आली. अध्यक्षांनी पडलेल्या पाचांची नावं पुकारली. पहिल्या चौघांना इकडचे तिकडचे हात. मामांचं नाव आलं आणि सगळा माळ हातांचा झाला. बायकांनी हात वर केले, कॉलेजच्या पोरींनी दोन-दोन केले, गुऱ्हाळवाल्यानं ऊस वर केला. मला वाटलं, सुटलो. अल्लानं सोडवलं. आता मामा मानाच्या शर्यतीत पळतील, उद्या बसवाल्याला हो म्हणतील, आणि मला काही बोलायची गरजच नाही.

मामा पुढं गेले, अध्यक्षांकडून माईक मागून घेतला. त्यांना माईक कसा धरतात तेही माहीत नव्हतं, दोन्ही हातांनी ओंजळीत धरल्यासारखा धरला.

"तुमी समद्यांनी हात वर केलं, लई उपकार हायत," ते म्हणाले. "पर हे हात माझ्या स्वभावाला हायत, गाडीला न्हाईत. घड्याळानं सांगितलं ते मी ऐकलं. माझी जागा दुसऱ्याला द्या."

लोक ओरडले, नाही नाही, पळा मामा! मी धावत गेलो, त्यांचा हात धरला. म्हटलं, मामा, येडेपणा करू नका, पळा. जिंकाल तुम्ही. ते माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "आसं करून काय उपेग, भाई? लोकांनी मला ढकलत न्यायचं, आन् मी त्यांनाच घिऊन बस चालवायची?" आणि टोपी घालून, जीप तिथंच मालकाच्या स्वाधीन करून, चालत निघाले. तरी मी बोललो नाही. दुपारी मानाची शर्यत झाली, कोण जिंकलं ते मला आजही आठवत नाही.

सोमवारी सकाळी मी दौंडला गेलो. मुद्दाम गेलो. मामांचं घर त्याच वाटेवर. काय बोलायचं ते जीपमध्ये बसून पाठ करत गेलो. दारात त्यांची बायको, आम्ही मामी म्हणायचो त्यांना, धान्य निवडत होत्या. म्हणाल्या, "ते मघाशीच गेलं रांजणगावला. बसवाल्याला नको सांगाया." मी तिथूनच परत फिरू शकत होतो. रांजणगावला जाऊ शकत होतो, गेटवर गाठू शकत होतो. पण मी मामींनी दिलेला चहा प्यालो आणि मग दौंडला जाऊन उगाचच स्टेशनवर दोन तास बसलो. का बसलो? नुसता संताप येत होता. नियमाचा, अध्यक्षांचा, अब्बांच्या त्या 'थूक लगाया क्या'चा. सगळ्यांना मनातल्या मनात झाडलं. घरी आलो तर अब्बा विचारतात, "तबियत ठीक है ना?" मी त्यांच्यावर विनाकारण खेकसलो. आयुष्यात पहिल्यांदा.

बसवाला माणूस तसा दिलदार. मामांनी बस नको म्हटल्यावर त्यानं त्यांना त्याच्याच गाड्यांच्या आवारात गेटवर ठेवून घेतलं. वॉचमन. मी तिथं जायला महिनाभर लावला. शेवटी त्यांच्याच एका बसचं टायर रिमोल्ड होऊन, म्हणजे वर नवं रबर चढून, आलं होतं, ते पोचवायला गेलो, आणि मामा गेटवर खुर्ची टाकून बसलेले. खाकी कपडे मिळाले होते, वॉचमनचे. मला बघून खुश झाले. चहा मागवला. मी चहाला हातही न लावता सगळं सांगून टाकलं. टोपण, थुंकी, बुडबुडा, चार सेकंदं, सगळं. त्या दोन सेकंदांच्या फरकात तुमचा काही दोष नाही, मामा, ती माझी चार होती. तुमचा पाय कुठंच कचरला नाही.

मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भाई, तू आसं का करतोस?"

"काय करतो?"

"आरं, म्हयन्याभरानं येऊन सांगतोस. खरं असतं तर तवाच नसतं का सांगितलं? आख्ख्या माळानं बघितलं तुझं चाक. माझं मन राखाया सोताच्या अंगावर घेतोस व्हय?"

"मामा, अल्लाची शपथ!"

"शपथ घिऊ नगंस," ते एकदम कडक आवाजात म्हणाले. "माझ्यापायी खोटी शपथ घिऊ नगंस."

मी उठलो. शेजारीच एक बस उभी होती, तिच्या पुढच्या चाकाशी बसलो, टोपण काढलं, बोटाला थुंकी लावली, वालवर टेकवली. म्हटलं, "असं केलं मी. बघा, असं. एवढा वेळ गेला." माझा आवाज चढला होता, आतला कारकून बाहेर येऊन बघायला लागला. मामा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी इतकी माया होती की मला ओरडावंसं वाटलं.

"चांगला हायस तू," ते म्हणाले. "चा घे, गार व्हतोय."

तेवढ्यात दुसऱ्या पाळीची बस निघाली. स्टेअरिंगवर कुणीतरी तिशीच्या आतला माणूस होता, गिअर टाकताना खर्रकन आवाज झाला. मामांनी पळत जाऊन फाटकाचा दांडा वर केला, बाजूला सरकून ताठ उभे राहिले, आणि बस बाहेर पडेपर्यंत त्या ड्रायव्हरला सलाम करत राहिले.